टिटवीची जागा

"काय कंडक्टर, तुमच्या आत्याच्या टिटवीनं कुठं घातली औंदा?"

एस.टी.तून उतरून मी अजून बॅग खांद्याला लावली नव्हती, तोच तुळशीराम काकांनी हॉटेलाच्या बाकड्यावरून विचारलं. कसा आहेस, पोरंबाळं कशी आहेत, हे ते सवडीनं विचारणार होते. रोहिणी नक्षत्र लागलं होतं आणि गावात त्या दिवसांत पहिला प्रश्न टिटवीचाच असायचा.

"मी आत्ताच उतरतोय काका. मला काय ठाऊक?"

"मग घरी जाऊन विचार अन् सांग. मिरग तोंडावर आलाय, माणसं थांबलीत."

लग्नसराईत कंडक्टरला रजा मिळत नाही. मला मिळाली ती कावीळ झाली म्हणून. अंगात त्राण नव्हतं, डोळे अजून पिवळट होते आणि जन्मभर लोकांना 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणून घसा बसलेला होता. गावी जाऊन चार दिवस नुसतं पडून राहायचं, एवढंच मी ठरवलं होतं. टिटवीचं मला काही पडलेलं नव्हतं.

आमच्या भागात तेव्हा एक रीत होती. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर खडे गोळा करून त्यातच अंडी घालते. तिनं उंचवट्यावर घातली तर त्या साली पाऊस भरपूर. ओढ्याच्या अंगाला, खाली घातली तर पाऊस उशिरा आणि बेताचा. अंडी चार असली तर चारही महिने पाऊस. हवामानाचा अंदाज टीव्हीवर यायचा, मोबाइलवरही यायला लागला होता. लोक तो ऐकायचे, आणि तरी पेरणीआधी आमच्या आत्याला विचारून जायचे.

केवळाआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोनच पावसाळ्यांत नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. घरानं तिच्या हाती शेळ्या दिल्या, तिनं त्या जन्मभर माळावर चारल्या. तिला कुणी वाईट वागवलं नाही, पण कुणी काही विचारलंही नाही. घरातलं लग्न कुठं ठरलं हे तिला अक्षता निवडायला बसवल्यावर कळायचं. फक्त मिरगाच्या आधीचे काही दिवस तिचे असायचे. आजोबांनी तिला टिटवी बघायला शिकवलं होतं. त्या दिवसांत गावातली मोठी मोठी माणसं आमच्या अंगणात यायची, आत्या ओट्यावर बसलेली असायची आणि ती माणसं उभी असायची. एरवी ती घरात कुणासमोर बसत नसे.

मी घरी पोचलो तेव्हा ओटा रिकामा होता.

"आत्या कुठंय?" मी वैनींना विचारलं.

"कुठं जातेत कुणाला ठाऊक," वैनी म्हणाल्या. "उजाडलं की निघतेत अन् ऊन उतरल्यावर येतेत. पायाला फोड आलेत. काल म्हणलं, आत्या, ह्या वयात कशाला हिंडायलाव? तर म्हणल्या, टिटवी बघून येते. रोजच बघून यायल्यात, अन् सांगायचं मात्र नाव न्हाई."

मी बाजेवर पडलो. पडल्या पडल्या पलीकडचं रान दिसत होतं. एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत काळं, सपाट, तव्यासारखं. माझ्या लहानपणी तिथं मधे बांध होते, बांधावर बाभळी होत्या आणि वरच्या अंगाला शेळ्यांचा माळ होता. माझ्या थोरल्या भावानं, माणिकदादानं, आधी बांध कोरले, मग बाभळी काढल्या, मग जेसीबी आणि नांगर लावून माळ फोडला. सगळीकडं सोयाबीन, सोयाबीनवर तणनाशक, आणि सोयाबीन निघालं की रोटाव्हेटर. गावात सगळ्यांनीच तसं केलं होतं. दादाचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्या सोयाबीनवरच घर उभं होतं, माझ्या नोकरीवर नाही. पण ज्वारी गेली आणि भोरड्यांचे थवे यायचे थांबले. बांध गेले आणि पायाखालून भुर्रकन उठणारे लावे गेले. तितराची हाक मी शेवटची कधी ऐकली ते मला सांगता आलं नसतं. जाताना कुणी निरोप घेऊन जात नाही, त्यामुळं गेल्याचं कळायलाही वेळ लागतो. माळ गेल्यावर चरायला जागा उरली नाही म्हणून दादानं शेळ्याही विकल्या, आणि आत्याच्या हातात काहीच राहिलं नाही.

ती ऊन उतरल्यावर आली. मला पाहून तिनं आधी माझ्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या.

"पिवळेच हायत की रे अजून. काय खायलास?"

"उसाचा रस पितोय. तू बस आधी. पाय बघ तुझे."

ती बसली नाही. वैनींनी दिलेलं पाणी उभ्यानंच प्यायली. तेवढ्यात दादाही रानातून आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. वैनींनी भाकरी वाढली आणि सहज विचारलं, "सापडली का हो आत्या टिटवी?"

आत्यानं तांब्या खाली ठेवला.

"सापडली," ती म्हणाली.

"कुठं?"

"वढ्याकडच्या बरडावर. चार हायत."

दादाचा घास हातातच राहिला. ओढ्याकडचं बरड म्हणजे आमच्या रानाचा शेवटचा तुकडा. मुरमाड, दगडगोट्यांचा, पळसाची दोन झुडपं असलेला. अख्ख्या रानात यंत्र न लागलेली तेवढीच जमीन उरली होती.

"बरड उद्या काढायचंय मला," दादा ताटाकडं बघत म्हणाला. "पलटी नांगर सांगून ठेवलाय."

"काढ की. तुझंच रान हाय."

"मग तुमी असं..."

"गावाची माणसं सकाळी येतेत बघायला. मी सांगून आले तुळशीरामला. त्यांना बघू दे. मग तुला काय करायचं ते कर."

"एका पाखरापायी रान पडीक ठेवू का मी?" दादाचा आवाज चढला, पण नजर ताटातच होती. गेल्या वर्षापासून तो आत्याकडं बघून बोलत नसे. शेळ्या विकल्याचं त्याला लागलं असेल, असं मला वाटायचं. "टिटवीवर पेरायचे दिवस गेलेत. उद्या नांगर फिरणार म्हंजे फिरणार."

आत्यानं तांब्या उचलला. ती मागच्या दारी गेली आणि चुलीपुढं बसून राहिली. मला तिची दया आली आणि दादाचाही राग आला नाही. आजारी माणसाला कुणाचाच धड राग येत नाही.

दिवस मावळायला अजून अवकाश होता. पाय मोकळे करावेत म्हणून मी निघालो आणि चालता चालता ओढ्याकडंच गेलो. आत्याच्या टिटवीची अंडी नांगराखाली जायच्या आधी एकदा बघून घ्यावीत, एवढंच मनात होतं.

बरडावर पोचलो. पळसाच्या अलीकडं, मोकळ्या मुरमात ती होती. बारीक खड्यांचं गोल कडं, आत चार अंडी, टोकं आतल्या बाजूला. मी थबकलो आणि सवयीनं मान खाली घातली. टिटवीच्या अंड्यांजवळ गेलं की काय होतं हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ती कुठूनतरी उठते, टी-टी-टिव, टी-टी-टिव असं कोकलत डोक्यावर घिरट्या घालते, अंगावर येते, माणसाला नकोसं करून सोडते. लहानपणी आम्ही मुद्दाम जायचो आणि डोक्यावर हात धरून पळायचो.

मी मान घालून उभा राहिलो. कुणी उठलं नाही. मी आणखी एक पाऊल पुढं टाकलं. मग आणखी एक. अगदी अंड्यांशी जाऊन टेकलो, तरी आभाळ गप्प होतं.

मी एक अंडं उचललं. जड होतं आणि उन्हानं चटका बसेल इतकं तापलेलं. ओढ्यातला गोटा होता तो. नीट निवडून आणलेला, एका बाजूला निमुळता. त्यावर बोटानं काळे ठिपके दिले होते. ते माझ्या अंगठ्याला लागले. चुलीतली काजळी.

"ठेव खाली," मागून आवाज आला. "टोक आत करून ठेव."

आत्या ओढ्याच्या काठावर उभी होती. मी गोटा जागेवर ठेवला. ती हळूहळू आली, पळसाच्या सावलीला बसली आणि मलाही बस म्हणाली. 

"आत्या, हे दगड हायत."

"मला काय सांगायलास? मीच वेचलेत."

"का पण?"

"मग काय करू?" ती म्हणाली. रागानं नाही, दमून. "सगळं शिवार पालथं घातलं लेकरा. वरचं रान झालं, पाटलाचं रान झालं, तळ्याचा काठ झाला. गायरानात तर सौरचे खांब उभे केलेत, तिथंबी आत शिरून बघितलं. एक टिटवी न्हाई. अंडं ऱ्हाऊ दे, आवाजसुदिक न्हाई."

"तसंच सांगायचं मग लोकांना."

"काय सांगू? वर घातली तर काय, ते मला तुझ्या आज्ज्यानं सांगितलंय. खाली घातली तर काय, तेबी सांगितलंय. घातलीच न्हाई तर काय समजायचं, हे कुणीच सांगून ठेवलं न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "लोक इचारतील, आत्या, टिटवी न्हाई म्हंजे पाऊस न्हाई का? मी काय सांगणार? पावसाचं न्हाई हे, हे मला कळतंय. पर मग कशाचं हाय, ते कसं सांगू? सगळ्यांचीच रानं हायत."

"पण उद्या लोकं तुझ्या शब्दावर पेरतील."

"म्हणून तर खाली मांडले. खाली घातली म्हणलं की माणूस दमानं घेतो. दमानं घेणाऱ्याचं बी वाया जात न्हाई."

मला हसू आलं. एवढा विचार आमच्या डेपो मॅनेजरनं कधी केला नसता. पण लगेच दादाचा चेहरा आठवला.

"दादा उद्या नांगर घेऊन येणार. तो जवळ जाईल. त्याला दिसलं तर?"

"तर गावादेखत सांगंल, म्हातारीनं दगड मांडलेत म्हणून."

"मग?"

"मग काय. परत कुणी अंगणात यायचं न्हाई." ती सरळ म्हणाली. तिच्याजवळ तेवढंच होतं, आणि ते तिनं चार गोट्यांवर लावलं होतं.

"कशाला एवढं केलंस आत्या? पाय दुखतात म्हणून सांगायचं, औंदा हिंडणं झालं न्हाई म्हणायचं. कुणी काही म्हटलं नसतं."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी अजून शेंबडाच आहे.

"अन् हे बरड? औंदा हे मोडलं की संपलं बग. कुठंतरी असतील की त्या. एखांदी फिरून आली समजा. कुठं बसंल?" तिनं हातानं मुरूम सारखा केला. "ती येती का न येती, तिची ती बघंल. जागा तर असू दे."

मग ती उठली. "तू सांगणार हायस का?"

"न्हाई."

"तसं असंल तर उद्या तोंड आवरून धर. तुझ्या तोंडावर सगळं दिसतंय ल्हानपणापासून."

सकाळी तुळशीराम काका आले. त्यांच्याबरोबर गावातली तीन जाणती माणसं आणि सरपंचाचा पुतण्या बालाजी. बालाजी कृषी डिप्लोमा करून आला होता आणि त्याला सगळ्याचं कारण लागायचं. आत्या पुढं, आम्ही मागं, असे बरडाकडं गेलो. बांध उरलाच नव्हता म्हणून ओढ्याच्या कडेला उभं राहून तिनं लांबून बोट दाखवलं.

"त्या पळसाच्या अलीकडं. जवळ जाऊ नका, अंडी टाकून देती ती."

सगळे डोळ्यांवर हात धरून बघू लागले. वारा नव्हता. इतकी शांतता होती की तिनंच माझ्या कानठळ्या बसत होत्या. आत्ता कुणीतरी म्हणेल, टिटवी ओरडत कशी नाही? मी तोंड आवरून धरायचं सोडून बडबडत सुटलो. आमची गाडी घाटात कशी बंद पडली, नवरदेवाला टपावरून कसं उतरवलं, वऱ्हाड कसं पायी गेलं. कंडक्टरचं तोंड एकदा सुटलं की शेवटच्या थांब्याशिवाय थांबत नाही. तुळशीराम काकांनी एकदा वर आभाळाकडं पाहिलं, मग टोपी काढून कपाळ पुसलं.

"टिटवी कुठं हाय पण?" बालाजीनं विचारलंच.

"गेली असंल चरायला," काका म्हणाले. "तिला काय पोटपाणी न्हाई होय?"

"पण अंडी उघडी टाकून..."

"तुला काय करायचंय बालाजी? तू काय पाळणा हलवायला बसणारंस का तिथं?"

बाकीचे हसले. बालाजीनंही एकदा वर पाहिलं. तेवढ्यात वरच्या अंगानं ट्रॅक्टरचा आवाज आला.

दादा सरळ बरडाकडंच येत होता, मागं पलटी नांगर. आम्हाला पाहूनही त्यानं वेग कमी केला नाही. आत्या माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझं मनगट धरलं. 

पळसापासून थोड्या अंतरावर ट्रॅक्टर थांबला. इंजिन चालूच ठेवून दादा उतरला.  'जवळ जाऊ नगं माणिक' असं कुणीतरी म्हणालं, ते त्यानं ऐकलं नाही. चालत गेला आणि अंड्यांजवळ उकिडवा बसला. त्याची पाठ आमच्याकडं होती. मला त्याचा हात पुढं गेलेला दिसला.

संपलं, असं मला वाटलं. आत्यानं डोळे मिटून घेतले होते.

दादा बराच वेळ तसाच बसून होता. मग त्यानं मान वर करून आभाळाकडं पाहिलं, या अंगाला, त्या अंगाला. उठला. बोट विजारीला पुसलं आणि आमच्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "चार हायत."

तो ट्रॅक्टरवर चढला, लिव्हर ओढून नांगर वर उचलला आणि बरडाला लांबून वळसा घालून निघून गेला.

"बरोबर हाय," तुळशीराम काका म्हणाले. "खाली घातलीत. पेरायची घाई कुणी करू नका बाबा."

माणसं परत फिरली. आत्या तिथंच खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. मी तिच्याजवळ थांबलो. मला तिच्यासाठी बरं वाटत होतं आणि दादाचं मनातल्या मनात हसूही येत होतं. एवढा मोठा शेतकरी, टिटवीवर पेरायचे दिवस गेले म्हणणारा, आणि काजळी लावलेल्या गोट्यांनी फसला.

त्या साली पाऊस झाला तसा झाला, नंतरच्या सालीही झाला. आत्याच्या शब्दानं कुणाचं बुडालं नाही, कारण ती नेहमी खालीच सांगायची आणि लोक दमानं घ्यायचे. दर वर्षी मिरगाच्या आधी ती बरडावर जायची, ओढ्यातून गोटे निवडायची, त्यांना काजळी लावायची. दर वर्षी चार माणसं येऊन लांबून बघून जायची. दर वर्षी दादा नांगर उचलून वळसा घ्यायचा. म्हणून तो तुकडा तसाच राहिला. त्यावर कुसळी गवत वाढलं, पळस मोठे झाले. लोक त्याला टिटवीचं बरड म्हणायला लागले. टिटवी मात्र आली नाही. मी रजेवर गेलो की आत्याला डोळ्यांनीच विचारायचो आणि ती मानेनंच नाही म्हणायची. हे गुपित आम्हा दोघांतच आहे, याचं मला बरं वाटायचं.

मी निवृत्त झालो त्या वर्षी, चैत्राच्या शेवटी, आत्या गेली. झोपेतच गेली. दहाव्याला ओढ्याच्या घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो. पूर्वी पिंड ठेवायचा अवकाश, कावळ्यांची झुंबड उडायची. आता ऊन चढलं तरी एक कावळा फिरकला नाही. आत्याची काही इच्छा राहिली असेल, असं बायका कुजबुजायला लागल्या. तुळशीराम काका पार वाकले होते, तेही काठी टेकत आले होते. ते म्हणाले, "इच्छा कसली? कावळेच न्हाईत गावात." शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

मी पुढं महिनाभर गावीच राहिलो. रोहिणी नक्षत्र लागलं. एका दुपारी मला वाटलं, आता बरडावर गोटे कोण मांडणार? नाही मांडले तर दादा सरळ नांगर घालणार, कारण त्याला अडवणारी अंडीच नसतील. मी चुलीतली काजळी कागदात घेतली आणि कुणाला न सांगता निघालो.

बरडावर दादा होता.

पळसाच्या अलीकडं गुडघे धरून, कण्हत उकिडवा बसला होता. त्याच्यापुढं बारीक खड्यांचं कडं होतं आणि त्यात तीन गोटे, टोकं आत करून. चौथा त्याच्या हातात होता. त्याची बोटं काळी झाली होती.

त्यानं मला पाहिलं, माझ्या हातातला कागद पाहिला आणि काहीच झालं नाही असं दाखवत परत खाली बघितलं.

"दादा," मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"हे. दगड."

"मला काय टिटवीचं अंडं अन् गोटा कळत न्हाई?" तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी बोट काळं झालं माझं."

"मग बोलला का नाहीस?"

तो गोट्यावर ठिपके देत राहिला. आत्याएवढे नाजूक येत नव्हते. मोठे मोठे पडत होते.

"आदल्या साली वरचा माळ काढला," तो म्हणाला, "तवा नांगरापुढं होती अंडी. खरी. मला वरून दिसली. तीन होती, चौथं घालायचं होतं. टिटवी टायरापुढं पंख पसरून उभी ऱ्हायली, हालंना. मी म्हणलं, हालंल. शेवटाला हालली. मग दिवसभर डोक्यावर ओरडत होती, पार सांजपर्यंत. मी नांगराचे तास मारत ऱ्हायलो. अन् वळताना बघितलं तर आत्या बांधावर उभी. तवा एक बांध होता अजून." त्यानं गोटा हातात फिरवला. "सांजच्याला घरी आलो. वाटलं, बोलंल काहीतरी. तिनं भाकरी वाढली. रोजच्यासारखी. कोरड्यास आणू का म्हणली. कधी एक शबूद बोलली न्हाई मला, मरेस्तोवर."

मी खाली बसलो. इतकी वर्षं तो आत्याकडं बघून का बोलत नव्हता ते मला आत्ता कळत होतं, आणि मी ते शेळ्यांवर ढकललं होतं.

"आणि मी समजत होतो, तू फसलास," मी म्हणालो. "मला वाटायचं, फक्त आत्याला अन् मला ठाऊक हाय."

दादा हसला. त्याचं हसणं मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

"येड्या, तू तिथं गाडी बंद पडल्याची गोष्ट सांगत हुतास. टिटवीच्या अंड्यापशी सात-आठ माणसं उभी हायत अन् डोक्यावर कुणी कोकलत न्हाई. ते कुणाला कळणार न्हाई? तुळशीराम काकाला कळलं. बाकीच्यास्नी कळलं. त्या बालाज्याला सुदिक कळलं. अख्ख्या गावाला ठाऊक हाय."

"मग दर वर्षी येऊन बघत काय होते?"

 चौथा गोटा दादानं माझ्याकडं दिला.

"तुझे गुडघे बरे हायत. तू ठेव. टोक आत कर."

मी ठेवला. कडं एका जागी मोडलं होतं, तिथं दोन खडे लावले. दादाला हात देऊन उठवलं. उभं राहिल्यावर आम्ही दोघांनीही, सवयीनंच, वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. कुणी ओरडलं नाही.

"चल," दादा म्हणाला. "उद्या माणसं येतेत बघायला. तू पुढं हो अन् लांबून दाखव. म्हणावं, जवळ जाऊ नका, टाकून देती."